मानमोडी यायच्या आधी : गावठी कोंबड्यांना लस कशी द्यावी

मानमोडी, म्हणजे राणीखेत, गावात शिरली की खुराडीच्या खुराडी रिकामी होतात. कोंबडी हिरवट-पांढरं पातळ हगते, मान पिळवटते. मग कोणतंच औषध लागू पडत नाही. म्हणून लस निरोगी असतानाच द्यायची. मलूल कोंबडी त्या दिवशी वगळा.

खरी अडचण बाटलीची. ती सहसा 100 कोंबड्यांची येते आणि आपल्या घरी असतात आठ-दहा. एकदा कोरडी लस द्रावणात कालवली की दोन तासांत संपवावी लागते. तेव्हा आधी मोहल्ल्यात फिरून कोंबड्या मोजा, सगळ्यांचा मिळून एक दिवस ठरवा. त्या दिवसाच्या आठ-दहा दिवस आधी जंताचं औषध पाजा.

पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस आणायला बर्फ घातलेला थर्मास न्याच. 2 ते 8 अंशांतच ती टिकते. आमच्याकडे एकदा मे महिन्यात भरदुपारी साध्या पिशवीतून लस आली. सगळ्यांना टोचली, तरी पुढच्या साथीत निम्म्या कोंबड्या गेल्या. ती हळहळ मी विसरले नाही.

आदल्या सांजेला कोंबड्या खुराड्यात शिरल्या की दार लावा आणि सकाळी सोडू नका. पऱ्हाटीत पळालेला कोंबडा दुपारपर्यंत हाती लागत नाही. काम पहाटेच्या गारव्यात उरका. कालवलेली बाटलीही बर्फातच ठेवा.

5 ते 7 दिवसांच्या पिलाला लासोटा, म्हणजे मानमोडीची थेंबाची लस. पिलू मुठीत धरून डोकं आडवं करा, डोळ्यात एकच थेंब सोडा. ड्रॉपर डोळ्याला टेकू देऊ नका. पिलू पापणी मिटतं, थेंब आत जिरतो, तेव्हाच त्याला सोडा. झटकून टाकला तर परत द्या.

आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी, म्हणजे मानमोडीचीच टोचायची लस : पंखाखालची कातडी चिमटीत उचलून अर्धा मिली. ही लस लहान पिलांना कधीच नको, पिलं लुळी पडतात, मरतातही. काचेची सिरिंज नुसत्या पाण्यात उकळून थंड करा. डेटॉल लावलं तर जिवंत लस मरते.

काम चालू असताना स्वतःच्या डोळ्यांना हात लावू नका, नंतर हात साबणानं धुवा. कोंबडीच्या अंगात रोगाशी लढायची ताकद यायला दोनेक आठवडे लागतात, तोवर बाजारातली नवी कोंबडी घरात नको.

पिलं निघाली ती तारीख खुराड्याच्या भिंतीवर कोळशानं लिहा. पहिल्या थेंबाचा दिवस त्यावरूनच मोजायचा.