एक्सेलचं अनडू आणि ऑटोसेव्ह: दोन्ही नीट समजून घ्या, हिशोबाची फाईल वाचेल

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो मी. मागं एकदा पगाराच्या शीटमध्ये फक्त नावाचा कॉलम सॉर्ट झाला, मीटरचे आकडे जागेवरच राहिले, म्हणजे एकानं विणलेलं दुसऱ्याच्या नावावर, आणि हे कळलं फाईल बंद केल्यावर. परत उघडून कंट्रोल झेड दाबतोय तर काहीच होईना.

कारण अनडूची, म्हणजे कंट्रोल झेडनं मागं घ्यायच्या बदलांची यादी मेमरीत असते, फाईलमध्ये नसते, फाईल बंद झाली की ती गेली. नुसतं सेव्ह केल्यानं जात नाही, त्यामुळं सेव्ह करायला घाबरू नका. एक्सेल 100 पायऱ्या मागं नेतं, पण मॅक्रोनं (शीटमधली कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) शीटमध्ये काही बदललं की यादी पुसली जाते आणि डिलीट केलेली शीट कंट्रोल झेडनं येत नाही. दोन फाईली उघड्या असतील तर अजून जपा, अनडू दोन्हींचं मिळून एकच चालतं, इकडं दाबता आणि तिकडच्या फाईलमधला आकडा बदलतो.

100 पायऱ्या विंडोजच्या रजिस्ट्रीतून, म्हणजे आतल्या सेटिंग्जमधून, वाढवता येतात, पण माझं ऐकाल तर नका वाढवू, मेमरी जास्त खातं आणि फाईल बंद केल्यावर उपयोग शून्यच.

आता ऑटोसेव्ह, म्हणजे आपोआप सेव्ह होणं. ते वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवरच्या (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन जागा) फाईललाच चालतं, आणि चूक पण तितक्याच इमानानं सेव्ह करतं! माझं तसंच झालं होतं. पण तिथं व्हर्जन हिस्टरी, म्हणजे फाईलच्या जुन्या प्रतींची यादी असते, फाईल मेनूत इन्फोमध्ये जावा, सॉर्ट करायच्या आधीच्या वेळेचं व्हर्जन उघडा, बघून मग रिस्टोअर करा. माझे मीटर असेच जुळले आणि पगार त्याच दिवशी वाटला. गुगल शीट्समध्ये पण फाईल मेनूत हेच मिळतं.

फाईल कॉम्प्युटरवरच असेल तर ऑटोरिकव्हर बघा, फाईल, ऑप्शन्स, सेव्ह. तिथं दर 10 मिनिटांनी प्रत ठेवायचं असतं, मी 2 केलेत, लाईट कधी जाईल सांगता येत नाही. पण ते फक्त अचानक बंद पडल्यावर कामाला येतं, कंट्रोल एस दाबायचंच.

लिब्रेऑफिस (एक्सेलसारखंच काम करणारं फुकटचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी टूल्स, ऑप्शन्समधल्या लोड सेव्हच्या जनरलमध्ये बॅकअप कॉपीची टिक लावा, आधीची फाईल वेगळी राहते.

आणि सॉर्ट करताना एक्सेल विचारतं ना, एक्सपांड द सिलेक्शन, म्हणजे शेजारचे कॉलम पण सोबत हलवायचे का, तिथं वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. मी तर आता आधी शीटच्या टॅबवर राईट क्लिक करून तिची कॉपी काढतो आणि मगच सॉर्ट करतो.