आधी दोर, मग टायर: मुंबईहून ऑफ-रोडला निघणाऱ्यांसाठी

आमच्या ऑफ-रोडच्या भेटीला, म्हणजे डांबर सोडून चिखलात-दगडात गाडी चालवायला, कुणी पहिल्यांदा गाडी घेऊन आलं की मी एकच विचारते, "अडकलात तर ओढायचं कुठून, ते दाखवा." गाडीला मोठे टायर असतात, छतावर दिव्यांची रांग असते, आणि मालक बंपरखाली वाकून शोधत बसतो. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी मुलुंडला राहते. २००४ची जिप्सी २०१५मध्ये जुनी घेतली. दर पावसाळ्यात मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या बाजूला आमच्या दहा-बारा गाड्या जमतात. तिथे माझ्याकडे काम दोराचं. कुणाची गाडी कुठून, कशाने ओढायची हे मी ठरवते. त्यामुळे खर्चाचा माझा क्रमही तसाच आहे: आधी गाडी बाहेर काढायचं सामान, मग हवा, मग टायर. गाडी उंच करणं सगळ्यांत शेवटी, आणि बहुतेकांना ते कधीच लागत नाही.

जागा

जमीन कुणाची आहे हे माहीत नसेल तर चाक उतरवू नका. वनखात्याची जमीन नको, कांदळवन नको, गावाची पाणी भरायची जागा नको. अलिबाग-काशीदच्या वाळूचा मोह मुंबईकराला फार, पण किनारा नकोच. ओली वाळू वरून घट्ट दिसते आणि चाकाखाली सुटते. उधाणाच्या दिवशी आपल्या किनाऱ्यावर भरती साडेचार मीटरच्या वर जाते, आणि पाणी तुमच्या दोराची वाट बघत थांबत नाही.

आम्ही जातो ती एका कुटुंबाची वरकस जमीन आहे. म्हणजे भाताची नव्हे, वरची, माळाची. मे महिन्यातच जाऊन बोलून येतो, पैसे आधी देतो, जेवण त्यांच्याकडेच. घरच्या मावशी तांदळाच्या भाकऱ्या करतात आणि कुठे जायचं नाही ते बोट दाखवून सांगतात. ते बोट नकाशापेक्षा जास्त मानायचं. जुलैत लावणी चालू असते. बांधावर एक चाक गेलं तर बांध फुटतो, खाचरातलं पाणी रात्रीत उतरून जातं, आणि त्या घरचं वर्षाचं भात त्या पाण्यावर असतं. आमच्यातल्या एकाने पहिल्या वर्षी असा बांध फोडला. आम्ही सगळ्यांनी दुपारभर चिखलात उभं राहून तो परत घातला. तेव्हापासून बांधाजवळच्या वाटेवर आम्ही आधी काठ्या रोवतो.

पहाटे पाचला मुलुंड चेकनाक्याच्या पुढे भेटतो. एकट्या गाडीने कधीच जायचं नाही, कमीत कमी दोन. पुढे वाट माहीत असणारा, सगळ्यांत मागे दोर असणारा, म्हणजे मी. अवघड जागी खाली उतरून वाट दाखवणारा माणूस एकच असतो. चौघं चार बाजूंनी "उजवीकडे, उजवीकडे" ओरडायला लागले की गाडी हमखास खड्ड्यात जाते.

दोर

गाडीला आलेले सगळे हूक ओढण्यासाठी नसतात. काही हूक गाडी ट्रकवर चढवून बांधून ठेवण्यासाठी दिलेले असतात. ते बांधलेल्या गाडीचा ताण सहन करतात, चिखलातून उपटताना बसणारा झटका नाही. २०१८च्या पावसाळ्यात माझ्या डोळ्यांसमोर असा एक हूक तुटला. गाडी पोटावर बसली होती, ओढणाऱ्याने दोनदा जोर केला, तिसऱ्यांदा टणकन आवाज झाला आणि मुठीएवढं लोखंड ओढणाऱ्या गाडीची मागची काच फोडून सीटमध्ये घुसलं. त्या सीटवर नेहमी त्याची मुलगी बसते. त्या दिवशी आम्ही तिला उतरवून लांब उभं केलं होतं. म्हणून माझा नियम: दोर ताणण्याआधी, दोराची जेवढी लांबी असेल त्याच्या दीडपट अंतरावर माणसं जातात. गाडीत फक्त चालवणारा. आणि दोराच्या मधोमध जाड गोधडी किंवा ओलं पोतं टाकायचंच. दोर सुटला तर तो हवेत न उडता खाली बसतो.

तर पहिला खर्च हा: चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टने बसवलेली ओढायची जागा, पुढे एक आणि मागे एक. बंपरला नाही, चासीला. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला पट्टा अडकवू नका, तो तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो.

दुसरा खर्च पट्टा. बाजारात दोन जाती मिळतात आणि दुकानदार दोन्ही एकाच नावाने विकतात. न ताणणारा पट्टा टोचन करायला, म्हणजे बंद पडलेली गाडी हळूहळू ओढत न्यायला. चिखलात रुतलेल्या गाडीसाठी नायलॉनचा ताणला जाणारा पट्टा लागतो, त्याला स्नॅच स्ट्रॅप म्हणतात. ओढणारी गाडी पट्टा थोडा सैल ठेवून निघते, पट्टा ताणतो, आणि तो आखडताना रुतलेली गाडी अलगद उपसली जाते. न ताणणाऱ्या पट्ट्याने हेच करायला गेलात तर झटका थेट चासीला बसतो.

इथे बरेच जण चुकतात: पट्टा जितका दणकट तितका चांगला, असं नाही. दोन गाड्यांतली हलकी जी असेल तिच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट पट्ट्याची ताकद हवी. मारुतीच्या जिम्नीचं भरलेलं वजन साधारण दीड टन. तिला जड गाडीचा पट्टा लावला तर तो ताणलाच जात नाही, मग तो साधा दोरच झाला. आमच्याकडे म्हणून दोन पट्टे असतात.

शॅकल, म्हणजे पट्टा गाडीला जोडायची पिनवाली लोखंडी कडी, मी रे रोडच्या दारूखान्यातून आणते. जहाजं तोडून निघालेला माल तिथे भरपूर, पण शॅकल मी नवाच घेते. १९ मिलिमीटरच्या बो शॅकलवर ४.७५ टनाचा शिक्का लोखंडातच उठावात असतो. नुसता रंगाने लिहिलेला आकडा असेल तर परत ठेवा. पिन हाताने शेवटपर्यंत फिरली पाहिजे, कुठे अडायला नको. लावताना पूर्ण आवळायची आणि मग पाव फेरा मागे, नाहीतर ताण बसल्यावर ती निघत नाही.

विंच, म्हणजे तार गुंडाळत गाडी ओढणारं यंत्र, घ्यायचं ठरलं तर भरलेल्या वजनाच्या दीडपट ओढणारं घ्या. ते झाडाला लावताना झाडाभोवती रुंद पट्टा गुंडाळा. नुसत्या तारेने साल सोलली जाते आणि ते झाड वाळू शकतं. पण खरं सांगायचं तर विंचच्या आधी दोन फावडी, एक घमेलं आणि हवेचा पंप घ्या. आमच्याकडे अडकलेल्या बहुतेक गाड्या चाकामागचा चिखल उपसून आणि हवा कमी करूनच निघतात.

हवा

रस्त्यावर चाकात हवा ३० ते ३२ पीएसआय (पंपावर दिसतो तो दाबाचा आकडा) असते ती चिखलात १८ ते २० पर्यंत उतरवायची. टायर खाली लांबट पसरतो आणि जमीन पकडतो. रस्त्याने तुम्ही येता तेव्हा टायर गरम झालेला असतो, त्यामुळे तो गार होऊ द्या, मगच मोजा. दाबमापक स्वतःचाच हवा. पहिल्या भेटीत आम्ही नव्या माणसाला त्याच चढावर दोनदा पाठवतो, एकदा ३० वर आणि एकदा १८ वर. पहिल्या वेळी चाकं फिरून जागच्या जागी खड्डा करतात, दुसऱ्या वेळी तीच गाडी त्याच टायरवर वर जाते. त्यानंतर तो माणूस नव्या टायरचा विषय महिनाभर काढत नाही.

घरी निघताना हवा परत भरायची, डांबरावर चढण्याआधी. बॅटरीला चिमटे लावून चालणारा पंप असतो, इंजिन चालू ठेवून वापरा. चार चाकांना वीस-पंचवीस मिनिटं जातात. कमी हवेवर हायवेला ८०ने गेलात तर टायरची कड तापून फाटते.

टायर आणि उंची

इथे हिशेब करा, कागद घेऊन. गाडी उंच केली की फक्त अंग वर जातं. खालचा डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणारा गियरचा डबा, ज्याला आमचे मेकॅनिक गोळा म्हणतात, तो होता तिथेच राहतो, आणि दगडावर आधी तोच आपटतो. गोळा वर न्यायचा एकच मार्ग, मोठा टायर. जिम्नीला कंपनीचा १९५/८० आर १५ येतो. त्याचा व्यास ६९३ मिलिमीटर. लोक हौसेने २१५/७५ टाकतात, त्याचा ७०३. म्हणजे गोळा वर आला फक्त पाच मिलिमीटर. २३५/७५ टाकला तर वीस मिलिमीटर, पण मग मीटरवर ८० दिसतं तेव्हा गाडी ८५ ने पळत असते, इंजिनाला गियर जड होतात आणि वळवताना टायर आत घासतो. कंपनीच्याच मापाचा, पण चांगल्या खाचांचा टायर हा टायरमधला पहिला बदल. पाटे किंवा स्प्रिंग बदलून उंच केलेल्या गाडीचे प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद गोळ्यांपर्यंत नेणारे दांडे, तिरके होतात आणि सांधे लवकर जातात, हे बिल दोन वर्षांनी येतं.

कायदाही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत मूलभूत फरक करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवलं आहे. पुढचा लोखंडी बुल बार तर काढूनच टाका. पायी चालणाऱ्याचा त्याने जीव जातो, आणि केंद्राने डिसेंबर २०१७मध्ये राज्यांना त्यावर कारवाईचं पत्र धाडलेलं आहे.

चढ, उतार आणि पाणी

आमच्याकडे चढण्याआधी उतरायला शिकवतात. लो रेंज (फोर-व्हीलची कमी वेगाची, जास्त ताकदीची जोडणी), पहिला गियर, दोन्ही पाय पेडलवरून काढा. गाडी स्वतःच्या इंजिनाने धरून उतरते. चढावर बंद पडलात तर ब्रेक दाबून ठेवा, रिव्हर्स टाका, इंजिन चालू करा, क्लच पूर्ण सोडा आणि आलात त्याच चाकोरीतून सरळ मागे या. चढावर वळायला बघू नका, आडवी गाडी उलटते. अंगठे स्टिअरिंगच्या आत नको, चाक दगडाला लागलं की स्टिअरिंग झटक्याने फिरतं. आणि डांबरावर फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना ताकद, लावून वळणं घेऊ नका. पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात, मधला पीळ सुटायला जागा मिळत नाही, आणि मग फोर-व्हीलचा लिव्हर अडकून बसतो.

ओढ्यात उतरण्याआधी एक जण काठी घेऊन चालत जातो. त्याला नीट उभं राहता आलं नाही तर गाडी जात नाही. थारला कंपनी ६५० मिलिमीटर खोली सांगते, पण तो आकडा संथ पाण्याचा. माळशेजकडे ढग काळे झाले असतील तर इकडे ऊन असलं तरी थांबतो, वरचा लोंढा उशिरा येतो. पाण्यात बंद पडलात तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

माझे बाबा ठाण्याला एसटीत मेकॅनिक होते. जिप्सी घेतल्यावर त्यांनी सगळ्यांत आधी हात घातला तो दोन्ही गोळ्यांच्या वरच्या लहान श्वासनळ्यांना, म्हणजे आतली हवा ये-जा करायच्या भोकांना. तापलेला गोळा गार पाण्यात गेला की आतली हवा आखडते आणि तो सीलमधून पाणी ओढून घेतो. बाबांनी तिथे रबरी पाइप लावून तिचं टोक इंजिनाजवळ उंच बांधलं. शे-दोनशे रुपयांचा खर्च. अजून तीच पाइप आहे.

तरीही पाण्यातून आल्यावर मी तपासतेच. चिखल तिथेच ओढ्यापासून लांब, फावड्याने काढून येते. सोसायटीच्या गटारात तो गेला तर गटार तुंबतं. रात्री गाडी तासभर उभी ठेवायची, म्हणजे पाणी तळाला बसतं. मग गोळ्याखालचा बोल्ट दोन आटे सैल करून पहिले थेंब बोटावर घ्यायचे. तेल मधासारखं असेल तर बोल्ट आवळा. ताकासारखं पांढुरकं आलं तर त्याच रात्री सगळं काढून नवं भरा, आणि आठवड्याने पुन्हा बोट लावून बघा.