भांडखोर सिक्लिडला टँकमेट शोधताय? आधी टँक मोजा, मग मासा बघा

सिक्लिड म्हणजे ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पॅरट यांच्या कुळातले मासे, आणि टँकमेट म्हणजे त्यांचा टँकमधला सोबती. सांगली-मिरजेत रविवारी कुठल्याही ॲक्वेरियमच्या दुकानात थोडा वेळ थांबा, कुणीतरी विचारतंच, "दादा, ऑस्करबरोबर अजून काय टाकता येईल?" आणि पलीकडून उत्तरही ठरलेलं, "टाका की काय बी, लहानपणापासून एकत्र वाढले की काय होत नाय." हे अर्धंच खरंय. दोन इंची पिल्लं असतात तोवर ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पॅरट, गोल्डफिश सगळे गुण्यागोविंदानं राहतात, बघायलाही भारी वाटतं. पण ऑस्कर नीट खायला मिळालं तर वर्षभरात १० इंचाच्या आसपास जातो, आणि फ्लॉवरहॉर्न वयात आला की टँकमधला प्रत्येक दगड त्याला स्वतःच्या सातबाऱ्यावर चढवायचा असतो. खरी भांडणं तिथून सुरू होतात, आणि तोवर दुकानदाराला तुमचा चेहरापण आठवत नसतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे टेप घ्या आणि टँक मोजा. उंची राहू द्या, लांबी-रुंदी महत्त्वाची, कारण हे मासे तळाची जागा वाटून घेतात, वरचं पाणी नाही. ४ बाय दीड बाय दीड फुटाच्या टँकमध्ये काठोकाठ भरलं तर साधारण २५० लिटर पाणी बसतं, त्यात एक मोठा ऑस्कर आणि एक सकर (तळाला राहून काच चाटणारा मासा), बास, तिथं विषय संपला. ५ बाय २ बाय २ असेल तर साडेपाचशे लिटरच्या वर जातं, मग सोबत्यांचा विचार करायला हरकत नाही. २ फुटी टँकमध्ये कुठलाही मोठा सिक्लिड कुणाबरोबरच राहत नाही, खरं तर एकटापण राहू नये.

दुसरं, आपल्याकडचा गडी नक्की कोण आहे ते ओळखा, कारण 'ॲग्रेसिव्ह' सगळ्यांनाच म्हणतात पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ऑस्कर तसा भांडकुदळ नाही, थोडा धसमुसळा आहे आणि तोंडात मावेल ते गिळतो एवढंच. कॉन्व्हिक्ट चार-पाच इंचाचा, पण अंडी घातली की दुप्पट मोठ्या माशालाही कोपऱ्यात कोंडतो. ग्रीन टेरर, जॅक डेम्पसी मधल्या फळीतले. रेड डेव्हिल, जॅग्वार आणि मोठा फ्लॉवरहॉर्न मात्र समोरच्याला मारूनच थांबतात. आफ्रिकेतल्या मलावी तळ्याचे म्बुना म्हणजे ते पिवळे-निळे छोटे सिक्लिड, त्यांचं गणित पूर्ण उलटं. त्यांना ८ च्या आसपासचा पीएच (पाण्याचा आम्ल-अल्कलीपणा) आणि जड म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी लागतं, खाणं शेवाळी-शाकाहारी, आणि ते मुद्दाम दाटीनं ठेवतात, एका नराला तीन-चार माद्या, म्हणजे मार एकावरच न पडता सगळ्यांत वाटला जातो. ही दाटीची युक्ती ऐकून कुणी चार फुटी टँकमध्ये पाच ऑस्कर सोडतं, तसं करू नका, मोठ्या अमेरिकन सिक्लिडमध्ये ती चालत नाही आणि पाणीही चार दिवसांत घाण होतं. आफ्रिकन आणि अमेरिकन एकत्र तर नकोच.

आता सोबती निवडायचा कसा. माझं मत सरळ आहे, जो मासा तुमच्या सिक्लिडला 'प्रतिस्पर्धी' वाटणार नाही तोच चांगला सोबती. म्हणजे अंगलट वेगळी, रंग वेगळा, टँकमधली पातळी वेगळी, आणि पळायला चपळ. एक ग्रीन टेरर आणि त्याच मापाचा तसाच दिसणारा दुसरा सिक्लिड म्हणजे रोजची मारामारी, तोच ग्रीन टेरर सिल्व्हर डॉलरकडे ढुंकून बघत नाही. सिल्व्हर डॉलर मला सगळ्यात भरवशाचे वाटतात, दक्षिण अमेरिकेतलेच, त्यामुळे ऑस्करशी पाणी जुळतं, अंग उभट-गोल म्हणून तोंडात मावत नाहीत, वरच्या-मधल्या पाण्यात फिरतात आणि वेगवान आहेत. फक्त पाच-सहा एकत्र घ्यायचे, एकटा-दुकटा घाबरून काचेवर आपटत बसतो. ते झाडं खातात हे आधीच सांगतो, पण ऑस्कर असलेल्या टँकमध्ये झाडं टिकतात तरी कुठं! टिनफॉइल बार्बही चालतो, पण तो फूटभर होतो आणि त्यालाही कळप लागतो, म्हणजे ६ फुटी टँकवाल्यांनीच नाव काढावं. सेव्हरम हाही सिक्लिडच, पण तो ऑस्करबरोबर जमतो. पॅरटचं तोंड नीट मिटत नाही, त्याला चावून उत्तर देता येत नाही, म्हणून तो फ्लॉवरहॉर्नबरोबर टाकणं म्हणजे अन्यायच.

तळाला सकर. लोक 'काच साफ करतो' म्हणून दीड इंचाचा आणतात आणि ऑस्करपुढे टाकतात, ऑस्कर गिळायला जातो, सकरचे काटे घशात अडकतात आणि दोघंही जातात. किमान चार-पाच इंचाचा आणा, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा किंवा लाकूड द्या, रात्री लाइट बंद झाल्यावर बुडणाऱ्या गोळ्या किंवा काकडीची चकती टाका. उपाशी सकर रात्री संथ माशाच्या अंगावरचा चिकट थर चाटत बसतो, आणि सकाळी आपण म्हणतो ऑस्करला जखम कशी झाली.

गोल्डफिश, गप्पी, टेट्रा, एंजल यांचा विचारच सोडा. दुकानात 'शार्क' म्हणून जे पंगासियस मिळतात ते तीन फुटांच्या वर जाणारे मासे आहेत, घरात त्यांची सोय होत नाही.

सोडण्याची पद्धत यावर निम्मं यश आहे. नवा मासा आधी वेगळ्या टबात दोन-तीन आठवडे ठेवा, दुकानातला माल लांबून प्रवास करून आलेला असतो, पांढरे ठिपके आठवड्यानंतरही दिसू शकतात. मग ज्या दिवशी सोडायचं त्या दिवशी मेन टँकमधले दगड-लाकडं पूर्ण हलवून टाका, जमलं तर भांडखोर गड्याला तासभर बाहेर काढा, नवीन मंडळींना आत सोडून जागा घेऊ द्या, आणि जुन्याला पोट भरून, लाइट बंद करून सगळ्यात शेवटी आत घ्या. आपली हद्द सापडत नाही तोवर तो गोंधळलेला असतो, तेवढ्या वेळात बाकीचे स्थिरावतात. शंका असेल तर आधी जाळीचं पार्टिशन टाकून आठवडाभर नुसतं बघू द्या. जाळीवर दिवसभर धडका मारत राहिला तर उत्तर मिळालं.

पहिले काही दिवस थोडी पळापळ, गिल (कल्ले) फुगवणं, शेपटी हलवणं चालायचंच. पण एक मासा सतत वरच्या कोपऱ्यात हीटरमागे उभा आहे, खायला येत नाही, पर फाटलेत, किंवा दोघं तोंडात तोंड धरून सुटतच नाहीत, तर 'जमेल हळूहळू' म्हणत बसू नका, त्याच रात्री वेगळं करा. म्हणून रिकामा टब आणि जादा एअर पंप खरेदीच्या आधीच घरात पाहिजे. चांगले जमलेले मासेसुद्धा जोडी लागून अंडी पडली की बदलतात, तेव्हाही पार्टिशन लागतं.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, टँकचं पाणी ३१-३२ वर जातं, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि मासे जास्त चिडचिडे होतात, त्यात लाइट गेली की संपलंच. नवीन टँकमेट टाकायला हा काळ टाळा, आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा. पावसाळ्यात कृष्णेला गढूळ पाणी आलं की नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा अँटीक्लोरीन टाकल्याशिवाय पाणी बदलू नका. जत-आटपाडीकडं बोअरचं जड पाणी असेल तर म्बुना खूश राहतील, ऑस्करही सवयीनं निभावतो, फक्त नवा मासा सोडताना पाणी थोडं थोडं मिसळत तासभर घ्या.

जमलं नाही तर मासा दुकानात परत द्या, ओळखीत कुणाला द्या, पण कृष्णेत किंवा गावच्या तळ्यात सोडू नका. उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात सकर यायला लागलेत, ते असेच कुणाच्या तरी टँकमधून गेलेले.

आणि तुमच्याकडे मोठं डोकं आलेला नर फ्लॉवरहॉर्न असेल तर वरचं सगळं वाचून झाल्यावरही माझा सल्ला एकच, त्याला एकटाच ठेवा. पाण्यावर एक टेबल-टेनिसचा बॉल सोडा, तो ढकलत बसतो, काचेजवळ हात नेला की मागं मागं येतो, खायच्या वेळेला आपल्याला ओळखतो. टँकमेटचे पैसे वाचवून चांगला फिल्टर घ्या.