रात्रपाळीतला चहा कमी करताना

सोलापुरात यंत्रमागावर रात्रपाळी म्हटली की दर तासाला कटिंग ठरलेलीच. तो एकदम बंद करू नका. चहातले तरतरी आणणारे द्रव्य म्हणजे कॅफिन; रोजचे कॅफिन अचानक थांबले की १२ ते २४ तासांत डोके ठणकू लागते, चिडचिड होते, मागावर लक्ष लागत नाही. हा त्रास आठवडाभरही टिकू शकतो. बहुतेकांचा निश्चय इथेच मोडतो.

आधी तीन दिवस कप मोजा. मग दर तीन-चार दिवसांनी एकच कप कमी करा, आणि तोही पाळीच्या शेवटचा. कारण थकव्याची जाणीव देणाऱ्या अ‍ॅडेनोसिन या द्रव्याची मेंदूतली जागा कॅफिन अडवते. थकवा जात नाही, फक्त कळेनासा होतो. प्यायलेल्यातले निम्मे कॅफिन साधारण पाच तासांनीही अंगात असते. म्हणून सकाळी आठला झोपायचे असेल तर शेवटचा चहा रात्री दोनच्या आत घ्या. पहाटे चारच्या चहाने झोप लागली तरी ती उथळच राहते.

चहा जास्त उकळू नका. पातेल्यात पुन्हा पुन्हा उकळलेला चहा कडवट होतो, मग साखर वाढते.

भाकरी-पालेभाजीसोबत तर चहा नकोच. चहातले टॅनिन हे तुरट द्रव्य अन्नातले लोह पुरते शोषू देत नाही. रक्त कमी असलेल्या बायकांनी जेवणानंतर तासभर थांबावे. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफिन चालते, गरोदरपणी २०० च्या आत. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असते, तेही हिशोबात धरा.