इंग्रजी 'टेक'चे अर्थ सुटे पाठ करू नका

खानापूर-निपाणीकडची मराठी माध्यमातली मुलं 'टेक म्हणजे घेणे' एवढंच धरून बसतात आणि उताऱ्यात अडकतात. त्यापेक्षा क्रियापद पुढच्या शब्दासकट, आपल्या ओळखीच्या वाक्यासमोर लिहा:

१. टेक ऑफ : सांबऱ्याहून विमान उडालं. दारात चपला काढल्या, तेही हेच.
२. टेक आफ्टर : पोरगी आईच्या वळणावर गेली. किती नेमकं जुळतं!
३. टेक ओव्हर : दुकानाचा कारभार थोरल्यानं हाती घेतला.

आधी आपलं 'लागणे' दाखवा. भूक लागते, नोकरी लागते, ठेचही लागते. मुलांची भीती तिथेच जाते.

एक जपा: चपला काढायला सांगताना 'टेक देम ऑफ' म्हणायचं, 'टेक ऑफ देम' चूक. 'टेक आफ्टर' मात्र मध्ये कधीच फोडायचं नाही.