दवाखान्याची बोट करायची तर आधी तारीख ठरवा

डोनेगल बोटीचं मॉडेल मी पांढरंशुभ्र रंगवलं. बाजूला हिरवा पट्टा ओढला, दोन्ही अंगांना लाल क्रॉस काढले आणि खालच्या पाटीवर लिहिलं: १७ एप्रिल १९१७. त्या एका तारखेनं सात महिन्यांचं काम खोटं ठरवलं. डोनेगल ही मिडलँड रेल्वेची प्रवासी बोट. युद्धात ती फ्रान्समधून जखमी शिपाई इंग्लंडला आणायची. पण १९१७ च्या वसंतात जर्मन पाणबुड्या दवाखान्याच्या जहाजांनाही सोडत नव्हत्या, म्हणून इंग्लिश खाडीतल्या अशा काही बोटींवर इंग्रजांनी खुणा ठेवल्याच नाहीत. पाणबुडीनं तिला बुडवलं त्या दिवशी तिच्यावर ना पांढरा रंग होता, ना क्रॉस. टायटॅनिकवरचा टेहळ्या आर्ची ज्युवेल याच बोटीवर मेला. टायटॅनिकमधून तो वाचला होता, १९१६ ला बुडालेल्या ब्रिटानिक या दवाखान्याच्या जहाजातूनही वाचला होता. त्या माणसाच्या शेवटच्या बोटीला मी चुकीचा रंग दिला, हे मला फार लागलं. मॉडेल पॉलिश पेपरनं घासून परत लाकडावर आणलं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. बोट निवडायच्या आधी तारीख निवडायची. प्रवासी बोट, दवाखाना आणि परत प्रवासी बोट, अशी तीन आयुष्यं एकाच सांगाड्यानं काढलेली असतात. तुमचं मॉडेल त्यातल्या एका दिवसाचं असतं.

मी परभणीचा. आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनच्या पोरांना अठ्ठावीस वर्षं शिकवलं. समुद्र इथून लांब आहे, पण या कामाला समुद्र लागत नाही. कागद लागतात, आणि ते आता परभणीतही घरबसल्या निम्मे-अर्धे मिळतात.

या बोटी कोणत्या, ते आधी सांगतो. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी बोट डोळ्यांसमोर आणा आणि ती कितीतरी पट मोठी करा. इंग्लंडच्या रेल्वे कंपन्यांच्या स्वतःच्या आगबोटी असायच्या. गाडीतून उतरलेला प्रवासी त्याच कंपनीच्या बोटीत चढून आयर्लंडला, फ्रान्सला किंवा हॉलंडला जायचा. बोटी वेगवान, पाण्यात फार खोल न बसणाऱ्या, लहान बंदरात शिरणाऱ्या. काही तासांत खाडी ओलांडून जखमींना घरी पोचवायला याहून योग्य बोटी नव्हत्या, म्हणून दोन्ही महायुद्धांत सरकारनं त्याच उचलल्या.

नावाला मात्र फसू नका. सेंट डेव्हिड नावाची दवाखान्याची बोट पहिल्या युद्धातही होती आणि दुसऱ्या युद्धातही. पहिली १९०६ ची, दुसरी १९३२ ची. दुसरी २४ जानेवारी १९४४ ला इटलीत अँझिओजवळ, दिवे लावलेले असताना, विमानांच्या हल्ल्यात बुडाली. इंटरनेटवर शोधलं की दोघींचे फोटो एकमेकींत मिसळून येतात. त्यासाठी वहीत प्रत्येक बोटीचं एक पान करा आणि वर चार गोष्टी लिहा: नाव, बांधणारा, यार्ड नंबर, पाण्यात उतरवल्याचं साल. यार्ड नंबर म्हणजे बांधणाऱ्या कारखान्यानं त्या जहाजाला दिलेला अनुक्रमांक. बोटीचं नाव बदलतं, मालक बदलतो, हा नंबर बदलत नाही. स्कॉटलंडमध्ये बांधलेल्या जहाजांची मोठी यादी इंटरनेटवर आहे, तिथं तो मिळतो. संग्रहालयाला नकाशा मागताना पत्रात हा नंबर घातला तर काम लवकर होतं. डंबार्टनच्या डेनी कारखान्याचे जहाजांचे नकाशे ग्रिनिचच्या संग्रहालयानं जपलेत. प्रतीला पैसे पडतात, पण ज्याला जी. ए. ड्रॉइंग, म्हणजे जहाजाच्या एकंदर मांडणीचा नकाशा, वाचता येतं त्याला दुसरं काही मागावंसं वाटणार नाही.

मी सध्या अँग्लिया करतोय. १९०० साली डेनीनंच बांधलेली, होलीहेड ते डब्लिन चालणारी, लांबी ३२९ फूट. १:२०० ला ती बरोबर पन्नास सेंटिमीटर भरते, म्हणून हे माप मला आवडतं. टेबलावर मावते आणि कठडेही हातानं करता येतात. १९१५ च्या ऑक्टोबरअखेरीस फ्रान्समध्ये घोड्यावरून पडलेल्या राजा पंचम जॉर्जला याच बोटीतून परत नेलं. पुढं तीन आठवड्यांच्या आत, १७ नोव्हेंबरला, फोकस्टोनजवळ ती सुरुंगावर गेली. पुढचं टोक पाण्यात, मागचं वर, आणि पंखे फिरतच राहिले. मदतीला आलेलं कोळशाचं जहाजही सुरुंगावर आदळून बुडालं. शंभराहून जास्त माणसं गेली.

नकाशा हातात आला की तोच अंतिम समजू नका. १९०० चा नकाशा म्हणजे १९०० ची बोट. १९१२ ला टायटॅनिक बुडाल्यावर जहाजांवर होड्या वाढल्या, त्या टांगायचे लोखंडी हात म्हणजे डेव्हिट वाढले. त्यामुळं नकाशावर बटर पेपर ठेवून मी दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलनं फक्त बदल काढतो, आणि प्रत्येक बदलाशेजारी तो कोणत्या फोटोवरून घेतला ते लिहितो. ज्याला फोटो नाही, तो बदल पेन्सिलीतच राहतो.

आता फोटो. इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. त्या काळच्या बहुतेक प्लेटा आणि फिल्म लाल रंगाला आंधळ्या होत्या. लाल क्रॉस फोटोत जवळजवळ काळा दिसतो. पिवळसर धुराडंही आपल्याला वाटतं त्याहून गडद येतं, आणि माणूस ते तांबडं समजून रंगवून मोकळा होतो. निळा तेवढा फिकट, पांढऱ्याच्या जवळ. हिरवा पट्टा एका प्लेटवर मधल्या राखाडीत, दुसरीवर चांगलाच काळपट. घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे: तुमच्या रंगांच्या पट्ट्या एका पुठ्ठ्यावर काढा, मोबाईलनं फोटो घ्या आणि फोटोच्या अ‍ॅपमध्ये त्याचा फक्त निळा-हिरवा भाग ठेवून काळा-पांढरा करा. तो पुठ्ठा जुन्या फोटोशेजारी धरला की कोणता राखाडी कोणत्या रंगाचा, याचा अंदाज बसायला लागतो. माझा पुठ्ठा खिडकीशेजारी टांगलेला आहे.

रंगाचा नियम १९०७ च्या हेग करारात लिहिलेला आहे. लष्करी दवाखान्याचं जहाज बाहेरून पांढरं आणि त्यावर सुमारे दीड मीटर रुंदीचा आडवा हिरवा पट्टा. मदत करणाऱ्या संस्थांच्या किंवा खाजगी जहाजांवर तोच पट्टा लाल. १:२०० ला हा पट्टा साडेसात मिलिमीटर येतो, १:३५० ला चार मिलिमीटरच्या किंचित वर. जहाजाच्या होड्याही तशाच रंगवायच्या, असं त्याच कलमात आहे. हे पुष्कळ जण विसरतात आणि होड्या लाकडी रंगात ठेवतात. करारात हिरव्याची छटा सांगितलेली नाही, आणि अंगावर क्रॉस किती, कुठं, हेही नाही. करार फक्त राष्ट्रध्वजासोबत रेड क्रॉसचा झेंडा लावायला सांगतो. म्हणजे क्रॉसची जागा प्रत्येक बोटीच्या फोटोवरूनच घ्यावी लागते. १९४९ च्या जिनिव्हा करारानं गडद लाल क्रॉस सक्तीचे केले. त्याच करारात जहाजाची माहिती शत्रूला आधी कळवायचं बंधन आहे: टनेज, टोकापासून टोकापर्यंत लांबी, डोलकाठ्या किती, धुराडी किती. मॉडेल करणाऱ्याच्या वहीतल्याच गोष्टी.

बोटीच्या आतल्या भागाचं मला आमच्या घरातून कळलं. पत्नी सिव्हिलला सिस्टर होती, आता निवृत्त आहे. नकाशा टेबलावर पसरलेला होता. चहा ठेवता ठेवता तिनं विचारलं, "अहो, पेशंट आत कुठून घेतला?" मी बाजूचा दरवाजा दाखवला. तिनं हाताचं बोट नकाशावर तिथून बोळात नेलं, कोपऱ्यावर थांबवलं. "इथं स्ट्रेचर वळणार नाही."

इंग्रजी लष्करी स्ट्रेचर दांड्यांसकट पावणेआठ फूट लांब आणि जवळपास दोन फूट रुंद. १:२०० ला बारा मिलिमीटर बाय तीन. मी कार्डपेपरचा तेवढा तुकडा कापला आणि नकाशावर सरकवायला लागलो. दरवाजातून आत गेला. कोपऱ्यावर अडकला. तिरपा केला, तरी अडकला. बोळ प्रवाशांसाठी होता, हातात बॅग घेतलेल्या माणसासाठी. म्हणजे झोपलेल्या जखमीला या वाटेनं नेलेलंच नसणार. त्याला वरून, हॅचमधून म्हणजे डेकमधल्या झाकणाच्या तोंडातून खाली सोडलं असेल किंवा मोकळ्या डेकवरून थेट सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या बैठकीच्या दालनात, नेलं असेल. मग हॅचवरची कप्पी, दोर आणि उघडी झाकणं मॉडेलवर यायलाच हवीत. असा तुकडा करून प्रत्येक वाट तपासा. फोटोत काय शोधायचं, हे तो तुकडा सांगतो.

ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात पहिल्या युद्धाच्या रोजनिश्या डब्ल्यू.ओ. ९५ या मालिकेत आहेत, दवाखान्याच्या जहाजांच्याही. दुसऱ्या युद्धातल्या वैद्यकीय पथकांच्या रोजनिश्या डब्ल्यू.ओ. १७७ मध्ये. अशा नोंदींत झोपलेले किती आणि बसू शकणारे किती हे वेगळं मोजलेलं असतं. खाटांचा अंदाज तिथून येतो.

दुसऱ्या युद्धातली बोट करणार असाल तर डेव्हिटकडं नीट बघा. नॉर्मंडी आणि अँझिओला गेलेल्या बोटींवर नेहमीच्या काही होड्यांच्या जागी पाण्यातल्या रुग्णवाहिका टांगलेल्या होत्या, किनाऱ्यावरून जखमी उचलून आणायला. त्यांचा आकार होडीसारखा निमुळता नाही, चपटा आहे. हार्विचहून हॉलंडला जाणारी अ‍ॅमस्टरडॅम ही बोट ७ ऑगस्ट १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यासमोर सुरुंगानं बुडाली. मॉली एव्हरशेड आणि डोरोथी फील्ड या दोन सिस्टर जखमींना बाहेर काढता काढता गेल्या. हे वाचून दाखवलं तेव्हा पत्नीनं ती दोन्ही नावं माझ्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिली.

साहित्याचं थोडक्यात: सांगाड्याला शिवणीचं लाकूड, डेकला सनबोर्ड नको, एमडीएफही नको, पातळ प्लायवूड घ्या. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. फेविक्विक ओतायच्या आत सुकतं आणि प्लास्टिकच्या पट्ट्या वाकतात, म्हणून त्या दोन महिन्यांत मी फक्त कागदाचं काम करतो.

अँग्लियानंतर मेजिदिएह घ्यायची आहे. बसरा ते बगदाद तैग्रिसवर चालणारी लिंच कंपनीची चाकांची आगबोट. १९१५ च्या शेवटी बगदादजवळच्या टेसिफॉनच्या लढाईतल्या जखमींना घेऊन ती बसऱ्याला आली, आणि त्या जखमींत आपले हिंदी शिपाई होते. तिथं व्हरेला या दवाखान्याच्या जहाजावर मेजर कार्टर हे डॉक्टर उभे होते. लांबून त्यांना वाटलं, बोटीच्या अंगावर दोर लोंबताहेत. जवळ आल्यावर दिसलं की ती वाळलेली विष्ठा होती. जखमींना हलायलाच जागा नव्हती. हे १९१७ च्या मेसोपोटेमिया कमिशनच्या, म्हणजे त्या मोहिमेची चौकशी करणाऱ्या ब्रिटिश आयोगाच्या, अहवालात छापलेलं आहे. त्याची स्कॅन प्रत मी उतरवून घेतली आहे आणि बोटीच्या डेकचं, बाजूला बांधलेल्या पडावांचं जिथं जिथं वर्णन येतं, तिथं तिथं खुणेला कागदाची पट्टी लावतोय. सोळा पट्ट्या झाल्यात. तिला पांढरा रंग लागणार नाही.