एकट्याने परदेशात निघालात? या चुका टाळा

मे महिना जवळ आला की माझ्याकडे चौकशा सुरू होतात. जीएसटीचं रिटर्न भरायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा बिलांची पिशवी टेबलावर ठेवता ठेवता विचारतं, "मॅडम, मुलगा एकटाच व्हिएतनामला जायचं म्हणतोय, काय काय न्यावं लागेल?" काय न्यायचं ते यूट्यूबवर हजार जणांनी सांगून ठेवलंय. मी तेच तेच घोटाळे बघून वैतागलेली बाई आहे, त्यामुळे काय करू नये तेवढंच सांगते. उदाहरणं बहुतेक व्हिएतनामची येतील, कारण हल्ली नाशिकचं पब्लिक उठसूट तिकडे निघतं, आणि मलाही तो देश आवडतो.

अख्खं घर खिशात घालून नेणं

माझ्या डोक्यात जाणारी पहिल्या नंबरची चूक. तिकीट एकट्याचं, पण फोनमधून आई, बाबा, आत्या, दोन मामेभाऊ आणि कॉलेजचा ग्रुप असे सगळे बरोबर. खोलीचा फोटो ग्रुपवर, मेन्यूकार्डाचा फोटो ग्रुपवर, "बोटीनं जाऊ की सायकलनं?" तेही ग्रुपवर. गंगापूर रोडला सोफ्यावर बसलेली आत्या उंटावरून शेळ्या हाकते आणि हा हनोईत बसून ऐकतो. परत आल्यावर वर तोंड करून सांगतो, "एकट्यानं फिरलं की आत्मविश्वास येतो म्हणतात, मला तर काही जाणवलं नाही." कुठून जाणवणार? सूप कुठलं प्यायचं तेही आत्यानं ठरवलं होतं.

आमच्याच सोसायटीतल्या एका मुलाची गोष्ट सांगते. पंचविशीचा, अंबड एमआयडीसीत नोकरीला, कामात हुशार. हनोईला गेला. पहिले काही दिवस त्याची आई मला रोज जिन्यात गाठून त्याची मिनिटामिनिटाची बातमी द्यायची. मग एके दिवशी तो निन्ह बिन्हला गेला. हनोईच्या दक्षिणेला नव्वद-पंचाण्णव किलोमीटरवर चुनखडीचे उभे डोंगर आहेत आणि त्यांच्या पोटातून होडीनं फिरवतात. सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. पठ्ठ्यानं होडीतून व्हिडिओ कॉल केला, डोंगराच्या पायऱ्या चढताना केला, माथ्यावरून केला. पॉवर बँक हॉटेलवर.

रात्री साडेआठला बाई माझ्या दारात. "ताई, दोन तास झाले, फोन स्विच ऑफ येतोय." व्हिएतनाम आपल्या दीड तास पुढे, म्हणजे तिकडे दहा वाजलेले. मी विचारलं, हॉटेलचं नाव काय? कुणालाच माहीत नाही. बुकिंग त्याच्या फोनमध्ये, मेल त्याच्या फोनमध्ये. ग्रुपवर शंभरावर फोटो, त्यात हॉटेलच्या उशांचासुद्धा फोटो, पण पाटीचा एकही नाही. वडील दूतावासाचा नंबर शोधत होते, आत्या अपघाताच्या बातम्या. मी म्हटलं, आधी जेवून घ्या. ते त्यांना फार लागलं.

तिकडे झालं होतं असं की परतीची बस हनोईच्या स्टँडवर उतरवून गेली आणि फोन तर केव्हाच मेलेला. हॉटेलचा पत्ता आठवेना. अ‍ॅपवरून गाडी मागवता येईना. कुणाचा फोन मागून घरी लावावा, तर आईचा नंबरसुद्धा पाठ नाही. नंतर त्यानंच सांगितलं, "काकू, मी बराच वेळ नुसता उभा होतो." मग त्याला आठवलं की सकाळी गल्लीतून बाहेर पडलं की समोर एक काळपट करडं चर्च दिसतं, दोन चौकोनी मनोऱ्यांचं. हे १८८६ साली फ्रेंचांच्या काळात बांधून झालेलं सेंट जोसेफ चर्च, जुन्या हनोईतली मोठी खूण. पण इतके दिवस त्याच्या दारावरून जाऊनही त्यानं नाव वाचलेलं नव्हतं. खिशातल्या बसच्या तिकिटाच्या पाठीवर त्यानं दोन मनोरे आणि मध्ये क्रॉस असं चित्र काढलं आणि टॅक्सीवाल्याला दाखवलं. टॅक्सीवाल्यानं पेन मागून घेतलं आणि चर्चच्या बाजूला एक लांबट गोल काढला. त्यात छोटासा मनोरा. होआन किएम तळं! हा जोरजोरात मान हलवायला लागला. पंचवीस मिनिटांत हॉटेल.

आईला फोन आला तो पुरत्या दोन वाक्यांचा. पोचलो, झोपतो, उद्या बोलू. त्यानंतर मुक्काम संपेपर्यंत तो रोज रात्री एकदाच बोलायचा. जिन्यात भेटली की आई जराशी रुसूनच सांगायची, "आज कुठल्या तरी पुलावर गेला होता म्हणे, चालत." लाँग बिएन पूल असणार. तो कुणाच्याच यादीत नव्हता.

माझी पद्धत सांगते, पटली तर घ्या. निघण्याआधी हॉटेलांची नावं, पत्ते, फोन कागदावर लिहून घरच्या फ्रिजवर चिकटवते. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे काउंटरवरचं कार्ड उचलून पाकिटात ठेवणं. घरचे दोन नंबर तोंडपाठ. रोज रात्री ठरल्या वेळी "ठीक आहे" एवढाच मेसेज. एका विश्वासाच्या माणसाला लोकेशन चालू ठेवलं तर काही बिघडत नाही, मुलींनी तर ठेवावंच. ती सुरक्षितता झाली. कुठला रंग घेऊ हे विचारणं ही सुरक्षितता नव्हे. आणि काही अडलं तर फोन काढण्याआधी दहा मिनिटं आजूबाजूला बघत बसायचं. निम्म्या अडचणी तेवढ्यात सुटतात.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका, काढायला लावतात. हातातल्या बॅगेत ठेवा, आणि तिथे पोचल्यावरही हातातल्याच बॅगेत ठेवा.

पैशाचे घोटाळे

इथे मला फार बोलायची गरज पडू नये, पण पडते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डं फक्त देशात चालतील अशीच येतात. परदेशातला वापर आपण स्वतः चालू करायचा असतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये एक बटण आहे, ते घरूनच दाबा. हनोईच्या एटीएमपुढे उभं राहून "माझं कार्ड खराब आहे" असा मेसेज मला करू नका. ओटीपी ज्या सिमवर येतो ते सिम काढून ड्रॉवरमध्ये ठेवून जाणारेही बघितलेत. मशीननं विचारलं की रुपयांत कापू की तिथल्या चलनात, तर डोळे झाकून तिथलं चलन. रुपयांतला भाव ते आपल्या सोयीनं लावतात. यूपीआय काही मोजक्या देशांत चालतं म्हणून त्याच्या भरवशावर विमानात बसू नका.

व्हिएतनामला जाणाऱ्यांसाठी खास: वीस हजार डाँगची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळीच. अंधाऱ्या टॅक्सीत घाईनं दिली की पंचवीस पट भाडं जातं. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. एका रुपयाला साधारण तीनशेच्या आसपास डाँग येतात. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की बास. केळी घेताना, पाणी घेताना, चप्पल काढताना भागाकार करत बसणाऱ्या माणसाला केळ्याची चव कधी कळणार?

स्कूटर भाड्यानं घेणं

त्र्यंबक रोडला बुलेट पळवली म्हणजे आपल्याला उत्तर व्हिएतनाममधल्या 'हा जियांग'चे घाट जमतात अशी एक समजूत आहे. तिथलं दुकान लायसन्स न बघता गाडी देतं, म्हणून ते कायदेशीर होत नाही. आपल्याकडे आरटीओ जो आंतरराष्ट्रीय परवाना देतं तो १९४९च्या जिनिव्हा कराराचा. व्हिएतनाम मानतं १९६८च्या व्हिएन्ना करारातला. म्हणजे नाशिकच्या आरटीओत फी भरून आणलेला तो करड्या रंगाचा कागद तिथे बिनकामाचा. पोलिसानं अडवलं तर दंड, ते एक वेळ परवडलं. पण पाय मोडला आणि विमा कंपनीनं वैध परवाना मागितला, तर हॉस्पिटलचं बिल पूर्ण तुमचं. घाट बघायचाच असेल तर तिथला चालक घ्या आणि मागे बसा. मागे बसलं की डोंगर दिसतात तरी. "सगळेच चालवतात हो" असं म्हणणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालत नाही, विम्याचे कागद पुढे करते.

दोन दिवसांत देशाचा निकाल लावणं

पहिल्या दिवशी सगळं गोड. "काय स्वच्छता, काय शिस्त, आपल्याकडे असं कधी होणार?" तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं की तोच माणूस लिहितो, "ओव्हररेटेड आहे, लोक लुटतात." दोन्ही वेळा बघितलेलं काहीच नसतं, मनातलं आधीचंच काढून भिंतीवर टांगलेलं असतं.

मी एक करते, थोडं कंटाळवाणं आहे. एकाच जागी, एकाच वेळी, ओळीनं दोन-तीन सकाळी जाऊन बसते. हनोईत फुटपाथवरच्या त्या बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर. पहिल्या सकाळी खांद्यावर कावड घेतलेली फळवाली दिसली, सगळे पर्यटक तिचे फोटो काढत होते. दुसऱ्या सकाळी त्याच कोपऱ्यावर कॉफीवाल्या आजीनं अचानक माझ्या हाताला धरून उठवलं, स्टूल काढून घेतलं, आणि अर्ध्या मिनिटात अख्खा फुटपाथ मोकळा. स्टुलं आत, शेगडी आत, फळवाली गल्लीत. भोंगा लावलेली पोलिसांची गाडी हळूहळू पुढे गेली. ती वळली तसं सगळं पुन्हा बाहेर आलं, माझी कॉफीसुद्धा, आहे तशी. मेनरोडवर महापालिकेची अतिक्रमणाची गाडी आल्यावर हातगाड्या कशा गायब होतात ते ज्यानं बघितलंय, त्याला त्या आजीच्या चेहऱ्यावरचे भाव समजावून सांगावे लागत नाहीत. "शिस्त" आणि "लुटतात" हे दोन्ही शब्द तिथे मला उपयोगाचे वाटले नाहीत.

पण त्यासाठी बसायला वेळ लागतो, आणि इथेच नवशिक्यांचं गणित चुकतं. आठ दिवसांत हनोई, हा लाँग, दा नांग, होई आन, सायगाव (म्हणजे हो चि मिन्ह सिटी)! अरे, हनोई ते सायगाव रेल्वेमार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे. आठ दिवसांत विमानतळच बघाल. मला विचाराल तर दोन मुक्काम, फार तर तीन. लोक ऐकत नाहीत. यादी पूर्ण केली नाही तर पैसे वाया गेले असं त्यांना वाटतं.

याच्याच जोडीची एक चूक खास आपली. कुणी विचारलं, कुठून आलात, तर नाशिककर सांगतो, "निअर मुंबई." का बरं? मी सरळ पासपोर्ट दाखवते आणि सांगते की हा माझ्या गावात छापला जातो. खरंच आहे ते, भारताचे पासपोर्ट नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापतात. एका होमस्टेच्या मालकिणीनं ते ऐकून पासपोर्ट उलटसुलट करून बघितला, नवऱ्याला हाक मारली, आणि मग तासभर गप्पा. द्राक्षं, कांदे, नदी, सगळं निघालं. मुंबईजवळून आलेल्या माणसाशी पुढे काय बोलणार?

बाकीच्या, थोडक्यात

विमान १४ तारखेला रात्री बारा पस्तीसचं असेल तर नाशिक १३ला सोडायचं असतं. हसू नका, दर वर्षी कुणीतरी एक दिवस उशिरा बॅग भरतं.

मुंबईच्या विमानतळाला जाताना कसारा घाटात ट्रक बंद पडणारच असं धरून निघा.

अनोळखी शहरात पहिल्यांदा पोचायचं ते उजेडी. रात्रीचं विमान दोन हजारांनी स्वस्त मिळालं म्हणून घेऊ नका. पहिल्या संध्याकाळी काहीही बघू नका. हॉटेलभोवती चार वळणं घ्या, नकाशा न बघता परत या, रोखीनं काहीतरी विकत घ्या.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, पण ते फक्त भारतात परत येण्यापुरतं. पुढचा देश विसरा. हरवलेल्या पासपोर्टची झेरॉक्स आणि दोन फोटो वेगळ्या बॅगेत असले की हे काम कितीतरी हलकं होतं.

शाकाहारी मंडळींनी अर्धी बॅग चिवड्यानं भरू नका. व्हिएतनाममध्ये बौद्ध शाकाहारी खानावळी गल्लोगल्ली आहेत, आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथले बरेच लोक मांसाहार सोडतात, त्या दिवशी तर चैन असते. एरवी भाजीतही माशाचा सॉस असतो, तेवढं विचारून घ्या. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाणार असाल तर फॉर्मवर चिवडासुद्धा लिहा, लपवलात तर दंड बसतो.

आणि परतताना मुंबईत पहाटे उतरून, विमानतळावर ठेवलेली स्वतःची गाडी काढून, झोपाळल्या डोळ्यांनी नाशिक गाठायचा हट्ट करू नका. ड्रायव्हर सांगा, नाहीतर ठाण्याला मावसबहिणीकडे चार तास झोपा. तिला आधी कळवा मात्र.